चार म्हणजे लाल

सप्टेंबर सरत आला की नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या रस्त्यावर टोमॅटोने भरलेले टेम्पो दिसायला लागतात. प्लॅस्टिकच्या जाळ्या एकावर एक रचलेल्या, मागे दोर आवळलेला, आणि वर बहुतेक वेळा एखादा माणूस पाय सोडून बसलेला. असा टेम्पो पुढे असला तर मी त्याला ओलांडून जात नाही. स्कूटरचा वेग कमी करतो आणि मागेच राहतो. मला त्याच्या मागून येणारा वास हवा असतो. पिकल्या फळाचा नव्हे, झाडाचा. टोमॅटोच्या झाडाला हात लागला की बोटांना चिकटणारा, जरासा कडवट, जरासा औषधी असा तो वास. लहानपणी तो साबणाने जायचा नाही. शाळेत वही उघडली की वहीला यायचा, डबा उघडला की पोळीला यायचा.

त्या वासाबरोबर दर वर्षी एकच हंगाम परत येतो. तसे मी कितीतरी हंगाम पाहिले. पण आठवीत असतानाचा, नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडचा तो एक हंगाम माझ्यात अजून संपलेला नाही.

आमचं शेत गिरणाऱ्याच्या अलीकडे. बांबू रोवून, तार ओढून, सुतळीने झाडं वर बांधलेली. पहाटे दव इतकं असायचं की पहिल्या सरीतून दुसऱ्या सरीत जाईपर्यंत चड्डी ओली व्हायची. पेठ तालुक्यातून आलेली माणसं आमच्याकडे तोडणीला असायची. त्यांच्यातली सोमीबाई सगळ्यांच्या पुढे. तिचे हात झाडात जायचे आणि भरून बाहेर यायचे, मधे ती बघते कधी हेच कळायचं नाही. शाळेला जायच्या आधी मीही तोडायला एक सरी घ्यायचो.

काम सोपं होतं. निदान सगळे तसं म्हणायचे. लांबच्या बाजाराला जाणारा माल नुकता रंग धरलेला हवा, म्हणजे वाटेत पिकतो. नाशिकच्या बाजाराला पूर्ण लाल. आणि कच्चं फळ झाडावरच ठेवायचं. तीन प्रकार, दोन जाळ्या. माझ्या दोन्ही जाळ्यांत मात्र तिन्ही प्रकार निघायचे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, माझी जाळी गोणपाटावर उलटी करायचे आणि न बोलता निवडत बसायचे. कच्ची फळं बाजूला टाकताना त्यांचा हात जरा जोरात पडायचा. एकदा बाजारात व्यापाऱ्याने जाळी उपडी करून दाखवली आणि माल नाकारला. अण्णा त्या जाळ्या तशाच घेऊन घरी आले. मला मारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, की तुझं ध्यान कुठं असतं ते एकदा सांगून टाक.

मला तरी कुठे माहीत होतं? मी ध्यान देत होतो. डोळे फाडून बघत होतो. फळ हातात घेऊन फिरवून बघत होतो. सोमीबाईची लहान मुलगी जे क्षणात ओळखते ते मला का ओळखता येत नाही, याचं मला एकच उत्तर सुचायचं: माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे.

शाळेतही तेच. शाळा नाशिकात, पंचवटीकडे. चित्रकलेचे सर तसे प्रेमळ, पण त्यांना माझं एक कोडं पडलं होतं. माझा हात चांगला होता. झाड काढलं तर झाडासारखं दिसायचं. पण रंगवलं की पानं तपकिरी व्हायची. सरांना वाटायचं मी चेष्टा करतो. त्यांनी एकदा माझा कागद वर्गाला दाखवून विचारलं, की याच्या रानात बारा महिने पानगळ असते का? त्या दिवसापासून माझं नाव पडलं पानगळ. खरं म्हणजे मी खडूवरच्या कागदी पट्टीवर लिहिलेलं नाव वाचून रंग उचलायचो. पण धाकट्या बहिणीला त्या पट्ट्या सोलायचा नाद होता. पट्टी नसलेल्या खडूंच्या डबीत मी आंधळ्यासारखा चाचपडत असे आणि हे इतरांना होत नाही हे मला कळतही नव्हतं. सगळ्यांना असंच दिसतं आणि तरीही सगळ्यांना जमतं, असंच मी धरून चाललो होतो.

त्याच सुमाराला अण्णा आणि आई ओट्यावर बोलताना मी ऐकलं. हा पोरगा शेतात कामाचा नाही, शाळेतही त्याचं लक्ष नाही, तेव्हा आठवी झाली की याला शहरात ओळखीच्या दुकानात लावावं, असं अण्णांचं म्हणणं होतं. आई गप्प होती. ती गप्प राहिली याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्याच वर्षी शाळेत संगणक आले.

एका वर्गाच्या खिडक्यांना पडदे लावले, फरशी पुसून घेतली, दाराशी चपला काढायचा नियम झाला. आत गेलं की पायाला फरशी गार लागायची आणि नव्या प्लॅस्टिकचा वास यायचा. शिकवायला शुभांगी मॅडम आल्या. नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या, नाशिकरोडहून सायकलवर यायच्या. संगणक एका रांगेत ठेवलेले, आणि त्यांचे सगळे पडदे काळे-पांढरे. रंगीत पडदा एकच, मॅडमच्या टेबलावरचा. तो त्या फक्त शनिवारी सुरू करायच्या.

मॅडमनी फळ्यावर आधी एक चौकोन काढला आणि म्हणाल्या की हा पडदा. याचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य आणि शून्य. तिथून उजवीकडे मोजत जायचं, मग खाली मोजत जायचं. मुलांना हे उलटं वाटलं, कारण गणिताच्या आलेखात वर मोजायची सवय होती. मला ते एकदम ओळखीचं वाटलं. शेतात आपण असंच तर सांगतो: वरच्या बांधापासून इतक्या सरी, तिथून इतकी झाडं.

मग सर्कल असा शब्द टाइप करायचा. कंसात मध्याची जागा, स्वल्पविराम, त्रिज्या, स्वल्पविराम, रंगाचा आकडा. शेवटी रन लिहून एंटर दाबायचं. मी दाबलं. पडदा रिकामा झाला आणि मधोमध एक वर्तुळ उमटलं. कंपासने काढलेल्या वर्तुळाला कुठेतरी टोक लागल्याचं भोक असतं, शेवट जुळत नाही. याला काही नव्हतं. मी सांगितलं आणि ते झालं. आजही मला त्या वर्तुळाचा आकार नेमका आठवतो. माझ्या हुकमाने झालेली ती जगातली पहिली गोष्ट होती.

वर्तुळानंतर रेघ, रेघेनंतर चौकोन, चौकोनावर दोन तिरप्या रेघा टाकल्या की घर. मग पेंट हा शब्द आला. आकाराच्या आतला एक ठिपका सांगायचा, कोणता रंग भरायचा आणि कोणत्या रंगाच्या रेघेपाशी थांबायचं तेही सांगायचं. रेघ कुठे जरा उघडी राहिली, की रंग तिथून बाहेर पडायचा आणि सगळा पडदा भरून टाकायचा. पाटाला भगदाड पडून पाणी दुसऱ्याच्या रानात शिरावं तसा. मुलं ओरडायची, मॅडम हसायच्या, आणि आम्ही फट शोधत बसायचो. मला फट पटकन सापडायची. पाणी धरायला मी अण्णांबरोबर जायचोच.

आणि रंगांचा तक्ता. मॅडमनी तो हाताने लिहून भिंतीवर लावला होता. शून्य म्हणजे काळा. एक म्हणजे निळा. दोन हिरवा. चार लाल. सहा तपकिरी. दहा फिका हिरवा. चौदा पिवळा. मी तो तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. आयुष्यभर सगळे ज्याच्याबद्दल बोलायचे आणि जे माझ्या हातून निसटायचं, ते कुणीतरी पकडून, एकेकाला आकडा लावून, भिंतीवर टांगून ठेवलं होतं. आणि आकडे मला येत होते. हे आकडे माझी बहीण सोलून काढू शकत नव्हती.

परवा माझी मुलगी संगणकावर असंच काहीतरी शिकत होती. आता शब्द टाइप करावे लागत नाहीत. रंगीत ठोकळे असतात, ते ओढून एकमेकांना जोडायचे. ती म्हणाली, बाबा, तो हिरवा ठोकळा इकडे ओढा. मी ठोकळ्यावर लिहिलेलं वाचायला लागलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाली, बरं, ज्यावर 'पुन्हा करा' लिहिलंय तो. तिला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या घरात हे चहात साखर किती इतकंच साधं आहे. ते इतकं साधं होण्यासाठी एक हंगाम लागला, हे तिला कसं सांगणार?

आठवडाभर आम्ही काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काम करायचो. तिथे लाल, हिरवं, निळं सगळं राखाडीच. कुणालाच रंग दिसत नव्हता. त्या खोलीत, आणि फक्त त्या खोलीत, बाकीची मुलं माझ्यासारखी होती. त्यांना आकड्यावर विश्वास ठेवावा लागत होता आणि त्याची त्यांना सवय नव्हती. तक्ता बघायचा कंटाळा करून ती अंदाजाने आकडा टाकायची. शनिवारी एकेकाचं चित्र रंगीत पडद्यावर यायचं तेव्हा कुणाचं आभाळ गुलाबी निघायचं, कुणाच्या घराचं छप्पर हिरवं. माझं चित्र लागलं. डोंगर, झाड, झाडावर फळं. मॅडम म्हणाल्या, "दिनकरचे सगळे रंग बरोबर आहेत."

सगळे रंग बरोबर. हे वाक्य मी बसमध्ये स्वतःशी म्हणत घरी गेलो. गिरणाऱ्याची बस त्या दिवशी खच्चून भरली होती, मी दाराजवळ उभा होतो, आणि मला बसायला जागा हवी असं एकदाही वाटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीच्या जरा आधीची गोष्ट. माझ्या शेजारी संतोष बसायचा. तो आडगावचा, त्यांचंही शेत होतं. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण अंगात खोड्या फार. शनिवारी मी पाणी प्यायला गेलो असताना त्याने माझ्या प्रोग्रॅममधला पानांचा आकडा बदलला आणि दोनच्या जागी सहा लिहून ठेवला. माझं चित्र रंगीत पडद्यावर आलं आणि मुलं हसायला लागली. संतोष म्हणाला, "याच्या प्लॉटला करपा पडला."

प्लॉट म्हणजे रानातलं उभं पीक, आणि करपा म्हणजे टोमॅटोची पानं तपकिरी पडून वाळवून टाकणारा रोग. शेतकऱ्याच्या पोराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी पडद्याकडे पाहिलं. चित्र जसं होतं तसंच होतं. मला त्यात काहीच बदललेलं दिसेना. आधी वाटलं सगळे मिळून मला फसवताहेत. मग जाणवलं की मॅडमही पडद्याकडे बघून भुवया उंचावताहेत. पानगळ हे नाव आता या खोलीतही येणार, इथेही माझं काही उरणार नाही, असं वाटून गेलं.

मी मॅडमना म्हटलं की मला प्रोग्रॅमच्या ओळी दाखवा. त्यांनी चित्र बंद करून ओळी पडद्यावर आणल्या. मी वरून वाचत आलो आणि बोट ठेवलं. "इथे मी दोन लिहिलं होतं. हे सहा कुणी केलं?"

संतोषने मान खाली घातली. मुलं पुन्हा हसली, पण या वेळी त्याला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबायला सांगितलं. रंगीत पडद्यावर त्यांनी शेजारी शेजारी दोन वर्तुळं काढली, आत रंग भरला आणि विचारलं, यातलं हिरवं कोणतं? मी म्हटलं, दोन्ही सारखीच आहेत. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि आता रागावतील म्हणून वाट पाहत राहिलो.

त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "दिनकर, तू चित्र बघून चूक शोधली नाहीस. ओळी वाचून शोधलीस. तुझे डोळे काही रंग वेगळे करत नाहीत. हे डोक्याचं नाही, डोळ्याचं आहे. तुझ्यात कमी काही नाही." त्यांच्याबरोबर कॉलेजात असाच एक मुलगा होता, असंही त्यांनी सांगितलं. तो गणितात पहिला यायचा म्हणे.

बाहेर येऊन चपला शोधल्या, घातल्या आणि शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेलो. मग कळलं की मी दुसऱ्याच कुणाच्या चपला घातल्या आहेत.

मॅडमनी अण्णांना शाळेत बोलावलं. अण्णा बाजार करून तसेच आले, सदऱ्यावर टोमॅटोचे डाग, हातात रिकामी पिशवी. मी काहीतरी मोठा प्रताप केला असणार असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मॅडम काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. अण्णा बाहेर आले आणि म्हणाले, चल, डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंय.

डॉक्टरांचा दवाखाना रविवार कारंज्याकडे होता. त्यांनी एक पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांनी भरलेलं वर्तुळ. त्यात एक आकडा लपलाय, तो सांग, असं ते म्हणाले. पहिल्या पानावरचा मला दिसला. दुसऱ्या पानावर काहीच नव्हतं. नुसते ठिपके. मी तसं सांगितलं. शेजारून अण्णा म्हणाले, "आरं, आठ हाय की. एवढा मोठा आठ." डॉक्टरांनी पान उलटलं. मला पुन्हा नुसते ठिपके. अण्णा पुढे वाकले आणि तोही आकडा बोलले. आणखी एक पान झालं. मग अण्णा बोलायचे थांबले. डॉक्टर पानं उलटत राहिले, मी नाही म्हणत राहिलो आणि अण्णा एकदा पुस्तकाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी सांगितलं की याला औषध नाही आणि घाबरण्याचंही काही नाही. जन्मापासूनचं असतं. बहुतेक वेळा ते आईच्या बाजूने येतं. आईचे वडील किंवा भाऊ यांच्यापैकी कुणाला आहे का विचारा.

आम्ही चालत बसस्टँडवर आलो. बस लागायला वेळ होता. त्यांनी दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू मुद्दाम करीत नव्हता तर." मी मान हलवली. ते पुढे म्हणाले, "मला वाटायचं तुला शेत नको म्हणून करतो." बस्स. पण त्या रात्री आईशी बोलताना दुकानाचा विषय निघाला नाही, आणि पुन्हा कधीच निघाला नाही.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पालकांसाठी हॉलमध्ये संगणकाचं प्रदर्शन ठेवायचं ठरलं. रंगीत पडद्यावर माझं चित्र लावायचं असं मॅडमनी सांगितलं. मी टोमॅटोचा प्लॉट काढायचं ठरवलं. बांबू, तार, सुतळी, पानं, आणि फळं तिन्ही प्रकारची.

त्यासाठी मी शेतात फिरून प्रत्येक गोष्टीचा रंग विचारला. बांबू कसा दिसतो? सुतळी कशी? कच्चं फळ पानासारखंच असतं की वेगळं? सोमीबाईला आधी वाटलं मी तिची थट्टा करतो. कारण कळल्यावर तिने तोडणी थांबवली आणि एकेक फळ माझ्यासमोर धरून सांगायला लागली. कच्चं पानापेक्षा फिकं असतं. रंग धरताना आधी देठाच्या उलट्या टोकाला पिवळट होतं, मग तो रंग वर चढतो. तेरा-चौदा वर्षं मी त्या झाडांत वाढलो होतो आणि फळ खालून पिकत येतं हे मला त्या सकाळी कळलं. मी मनात आकडे लावत गेलो. पान दोन. कच्चं फळ दहा. रंग धरलेलं चौदा. पिकलेलं चार. बांबू सहा.

प्रदर्शनाच्या सकाळी मॅडमनी फ्लॉपी संगणकात घातली आणि संगणकाने ती वाचायला नकार दिला. पुसून घातली, दुसऱ्या संगणकात घालून पाहिली, तेच. आत नुसता खरखर आवाज. तिच्यात माझंच नव्हे, सगळ्यांचं काम होतं. पालक यायला लागले होते. हॉलच्या दारात रांगोळी होती, बाहेर बँड वाजत होता, आणि मॅडम फ्लॉपी हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. इतक्या घाबरलेल्या मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. संतोष रडवेला झाला होता.

मी म्हटलं, "मॅडम, मला पाठ आहे."

त्यांना खरं वाटलं नाही. पण दुसरा इलाज नव्हता. मी रंगीत पडद्यासमोर बसलो आणि टाइप करायला लागलो. मला चित्र आठवत नव्हतं, मला ते रंगांसकट कधी दिसलंच नव्हतं. मला आकडे आठवत होते. बांबूच्या जागा, तारेची उंची, प्रत्येक फळाचा मध्य, त्रिज्या, रंग. सरीत चालावं तसा मी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात होतो. संतोष शेजारी उभा राहून कंस आणि स्वल्पविराम तपासत होता. एका ठिकाणी त्याने माझा हात धरला. माझा एक कंस बंद करायचा राहिला होता. मागे माणसं जमू लागली होती, त्यांच्या कपड्यांचा, अत्तराचा, शेवंतीच्या गजऱ्यांचा वास येत होता. मी वळून पाहिलं नाही.

शेवटची ओळ झाली. रन लिहिलं आणि एंटर दाबलं.

तेव्हाचे संगणक सावकाश होते, त्यामुळे चित्र एकदम यायचं नाही, डोळ्यांदेखत घडायचं. आधी जमिनीची रेघ. मग बांबू एकामागून एक उभे राहिले. तार ओढली गेली. पानं आली, त्यांच्यात रंग भरत गेला. मग फळं, गोल, गोल, गोल, आणि प्रत्येकात आपापला रंग. कुठेही रंग बाहेर सांडला नाही. सगळं थांबल्यावर मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

अण्णा आणि आई मागेच उभे होते. अण्णा पुढे आले. पडद्याजवळ वाकले, अगदी जाळीत वाकून बघतात तसे, आणि बोट दाखवत हळू आवाजात निवडायला लागले. "ही लांबच्या बाजाराची. ही नाशिकची. ही आजून झाडावर राहू दे. ही नाशिकची." शेवटच्या फळापर्यंत त्यांनी बोट नेलं. मग सरळ उभे राहिले आणि आईला म्हणाले, "एकबी चुकलेलं नाय."

चित्रकलेचे सरही आले होते. ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मग ते माझ्याकडे आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की सोमवारपासून तुला लागतील ते रंग मी माझ्या हाताने काढून देत जाईन, तू फक्त चित्र काढ. पानगळ हे नाव त्यानंतर कुणी घेतलं नाही. संतोषच घेऊ द्यायचा नाही.

मी आज संगणकावरच पोट भरतो. ते कसं घडलं ही वेगळी आणि लांबलचक गोष्ट आहे, आणि तिच्यात बरीच हार-जीत आहे. पण त्या दिवशी हॉलमध्ये जे मिळालं ते पुढे कुठल्या पगारात किंवा बढतीत मिळालं नाही. लोकांच्या रंगांच्या जगात मी माझ्या वाटेने शिरलो होतो आणि कुणीही मला दारात अडवलं नव्हतं.

संक्रांतीला आई मला घेऊन माहेरी गेली. माहेर सटाण्याजवळ. तिथे तिचा थोरला भाऊ, केदामामा. मामा गावात थट्टेचा विषय होता. तरुणपणी तो ड्रायव्हरच्या नोकरीसाठी गेला होता. गाडी उत्तम चालवून दाखवली, पण डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. लांबच्या झाडावरचा पक्षी ओळखणारा माणूस डोळ्यांत नापास कसा होईल? मामा सगळ्यांना सांगायचा, की डॉक्टरने एक चोपडी दाखवली, तिच्यात आकडे आहेत म्हणाला, पण तिच्यात आकडे नव्हतेच, नुसते ठिपके होते, मला फसवलं. लोक हसायचे. चोपडीत आकडे नसताना डॉक्टर कशाला विचारेल? केदाला आकडेच येत नाहीत, असं ठरून गेलं होतं. पुढे मामानेही ती गोष्ट सांगणं सोडलं, पण लोकांनी सोडलं नाही. हे सगळं आईने मला बसमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी आईच्या बाजूचं विचारलं तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. पत्रात असं काही लिहायचं नाही, तूच मामाला सांग, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामा कांद्याची ट्रॉली घेऊन बाजाराला निघाला. मला त्याने शेजारी बसवलं. गावाबाहेर आल्यावर मी सांगायला सुरुवात केली. टोमॅटोच्या जाळ्या, मॅडम, दोन वर्तुळं. मामा ऐकत होता, समोर बघत होता. मी म्हटलं, मग डॉक्टरांनी एक पुस्तक दाखवलं. त्यात ठिपके होते. अण्णांना त्यात आकडे दिसले.

मामाने ट्रॅक्टर हळू केला. "आन तुला?"

"मला नुसते ठिपके दिसले, मामा."

त्याने ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घेतला आणि बंद केला. मामा माझ्याकडे वळला. "तुला बी नही दिसना?"

"नाही. एकच दिसला, पहिल्या पानावरचा."

"हां," मामा म्हणाला. "पहिला दिसस. पुढला दिसत नहीत."

मी त्याला डॉक्टरांनी आणि मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. हे डोळ्याचं आहे. आपल्या घराण्यातलं आहे. डोकं चांगलं असतं. मामाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि तो मान हलवत होता, पुन्हा पुन्हा. मग उपरण्याने तोंड पुसलं आणि एकदम हसायला लागला. इतका हसला की ट्रॅक्टरचं सीट हलायला लागलं, आणि मीही हसायला लागलो.

समोरून सायकलवर गावातला कुणीतरी माणूस येत होता. मामाने हात करून त्याला थांबवलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हाऊ मना भाचा शे. ती चोपडी याने बी पाहिली शे. इचार याला, तिच्यात काय व्हतं."

मी सांगितलं. तो माणूस सायकलवरून उतरून ऐकत राहिला. मग पुढे मळ्यातल्या बायका भेटल्या, त्यांनाही सांगितलं. चहाच्या टपरीवर बसलेल्यांना सांगितलं. पंक्चर काढणाऱ्याला सांगितलं. प्रत्येक ठिकाणी मामा ट्रॅक्टर थांबवायचा, मला पुढे करायचा आणि मी बोलत असताना छाती काढून शेजारी उभा राहायचा. त्या दिवशी आमचा कांदा बाजारात सगळ्यांत शेवटी पोचला.